परक्या डेटाबेसवरचा फॉर्म

१९८० च्या दशकात फॉर्म ज्या कंपनीच्या साधनात बनवायचा, डेटाबेसही तिचाच घ्यायचा, असा शिरस्ता होता. एसक्यूएल ही भाषा म्हणायला सगळ्यांची एकच, पण प्रोग्रामने डेटाबेसला हाक मारायची फंक्शन्स प्रत्येकाची निराळी. ऑरॅकलसाठी लिहिलेला कोड सायबेसपुढे मुका.

हा तिढा सोडवायला १९८९ मध्ये डेटाबेस कंपन्यांनी एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप स्थापन केला. मायक्रोसॉफ्ट, सायबेस, डीईसी आणि लोटस यांनी केलेलं कामही याच प्रवाहात येऊन मिळालं. त्यातून सप्टेंबर १९९२ मध्ये ओडीबीसीची, म्हणजे निरनिराळ्या डेटाबेसांना एकाच पद्धतीने हाक मारायच्या फंक्शन्सच्या संचाची, पहिली आवृत्ती आली. दोनच महिन्यांनी बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या फॉर्म आणि डेटाबेसच्या साधनाला परक्या डेटाबेसचा दरवाजा मिळाला तो तिच्यामुळे. बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्यांनी हे एकत्र बसून केलं, याचं मला आजही मोल वाटतं.

ओडीबीसीने सगळ्या डेटाबेसांना एका वळणावर आणायचा हट्ट धरला नाही. फरक सांभाळायचं काम ड्रायव्हरवर, म्हणजे त्या त्या डेटाबेसच्या दुभाषा प्रोग्रामवर, सोपवलं. तारखेचंच बघा. ॲक्सेस ती दोन हॅशच्या मध्ये लिहितं, ऑरॅकलला टू_डेट लागतं. ओडीबीसीत ती महिरपी कंसात, आधी 'डी' अक्षर टाकून लिहायची. समोरच्या डेटाबेसला कळेल असं तिचं रूप ड्रायव्हर करतो.

खरी कसोटी मात्र जोडणी झाल्यावर लागते. फॉर्मवर कोणी पत्ता दुरुस्त करून सेव्ह केलं, की ती ओळ डेटाबेसमध्ये पुन्हा नेमकी सापडायला हवी. ऑरॅकल फॉर्म्स यासाठी रोआयडी, म्हणजे ऑरॅकलने प्रत्येक ओळीला दिलेली अंतर्गत ओळख, वापरतं. तो इतरांकडे नसतो, म्हणून ओळ कशी ओळखायची हे ठरवणारी की मोड नावाची वेगळी प्रॉपर्टी फॉर्म्समध्ये ठेवावी लागली. जोडलेल्या टेबलाला प्रायमरी की नसेल तर ॲक्सेस आपल्यालाच विचारतं, ओळ कशावरून ओळखायची? काहीच निवडलं नाही तर टेबल फक्त वाचता येतं. निवडलं, तर ॲक्सेस आधी नुसत्या की आणतं, मग त्यांच्या आधारे लागतील तशा ओळी. की दशांशातली असेल आणि वाटेत शेवटचा अंक जरी बदलला, तर ओळ सापडत नाही आणि फॉर्मच्या प्रत्येक रकान्यात 'डिलीटेड' झळकतं. ओळ तिकडे सुखरूप असते. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, म्हणून कीसाठी पूर्णांकच घ्यावा, असं मी आग्रहाने सांगतो.

मराठी नावांची तर जास्तच आबाळ झाली. जुने ड्रायव्हर युनिकोड जाणत नसत. युनिकोडमधलं 'ज्ञानेश्वर' त्यातून नेलं की पलीकडे नुसती प्रश्नचिन्हं उरत, आणि सेव्ह झाल्यावर मूळ नाव कायमचं जाई. ओडीबीसीच्या ३.५ आवृत्तीत युनिकोडची सोय झाली, पण ड्रायव्हरही तसाच हवा आणि टेबलातला रकानाही. म्हणून नवी जोडणी केली की पहिली चाचणी देवनागरी नावाचीच घ्यावी: नाव भरायचं, सेव्ह करायचं, फॉर्म बंद करून पुन्हा उघडायचा.