करार संपला, तरी सुटका नाही

पहिली नोकरी सोडली तेव्हा नोटीस पिरियड पूर्ण करूनही कंपनीने माझं रिलीव्हिंग लेटर दोन महिने अडकवलं होतं. म्हणून आजची गोष्ट मला जवळची वाटते.

जाँ-मार्क बोसमन हा बेल्जियमचा फुटबॉलपटू. लीएज क्लबशी त्याचा करार जून १९९० मध्ये संपत होता. क्लबने नवा करार पुढे केला. पगार महिना १,२०,००० फ्रँकवरून थेट ३०,०००! गडी नाही म्हणाला. फ्रान्सचा डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता. पण तेव्हा करार संपल्यावरही जुना क्लब ट्रान्सफर फी मागू शकायचा. डंकर्ककडे पैसे आहेत का, अशी शंका काढून लीएजने कागदच पुढे सरकवले नाहीत. वर त्यालाच निलंबित केलं.

बोसमन कोर्टात गेला. क्लबांचं म्हणणं, आम्ही पोरं घडवतो, त्याचा मोबदला नको का? मुद्दा रास्त आहे, कोर्टानेही तो हेतू मान्य केला. पण त्यासाठी माणूस अडकवून ठेवता येणार नाही, असं १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवलं. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात फीशिवाय जाऊ शकतो.

आज ‘फ्री ट्रान्सफर’च्या बातम्या येतात, त्या यामुळेच. बोसमन मात्र तोवर ३१ वर्षांचा झाला होता. माझे दोन महिने गेले, त्याची ऐन उमेदीची पाच वर्षं.