हिमस्त्रीची कथा : वाणी, ग्रंथ आणि चित्र

'हिवाळा' हा शब्द 'हिमकाल' या संस्कृत शब्दाचा वंशज होय. म्हणजे ज्या भाषिकांच्या बहुतेक पिढ्यांनी हिमवृष्टी कधी डोळ्यांनी पाहिली नाही, त्यांच्या ऋतूच्या नावातच हिम दडून बसले आहे. बोलीत त्याचे 'हिव' झाले आणि ते आकाशातून पडण्याऐवजी तापाबरोबर अंगात भरू लागले. पडणाऱ्या हिमासाठी मराठीने फारसीतला 'बर्फ' घेतला खरा. परंतु तो शब्द लादीवर आणि गोळ्यावर आधीच खर्ची पडलेला होता. बेंगळूरच्या जयनगरात राहणाऱ्या मराठी वाचकाची अवस्था याहून काही निराळी नाही. त्या शहराचे नीचांकी तापमान 13 जानेवारी 1884 रोजी 7.8 अंश सेल्सिअस नोंदले गेले. तेथे थंडी म्हणजे फार तर एक स्वेटर. अशा वाचकाच्या हाती जपानी हिमलोककथांवरील एखादा मांगा, म्हणजे तिकडील चित्रकथा, पडला तर तो नेमके काय वाचतो, हा प्रश्न अनुवादाचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे.

या कथांतील सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे युकी-ओन्ना, हिमस्त्री. जपानबाहेर तिची ओळख झाली ती लाफ्काडिओ हर्न यांच्या 1904 मधील 'क्वैदान' या इंग्रजी ग्रंथामुळे. वादळाच्या रात्री नावाड्याच्या झोपडीत दोघे लाकूडतोडे आसरा घेतात. एक शुभ्र स्त्री येऊन वृद्धावर श्वास सोडते व तो मरतो. तरुणाला ती मौनाच्या अटीवर सोडते. पुढे तो ओ-युकी नावाच्या मुलीशी लग्न करतो, दहा मुले होतात, आणि एका रात्री दिव्याच्या उजेडात बायकोकडे पाहता पाहता तो ती जुनी हकीकत बोलून जातो. ती हकीकत तिचीच असते. मुलांसाठी ती त्याला जिवंत ठेवते आणि धुक्यासारखी विरून जाते. कथा सुरेख आहे, यात शंका नाही. मासाकी कोबायाशी यांनी 1964 च्या आपल्या चित्रपटात तिला स्थान दिले ते उगाच नव्हे. परंतु ही मुख्यतः वचनभंगाची कथा आहे. हिम तिच्यात नेपथ्यापुरते आहे. मुसाशी प्रांतातील चोफू येथील एका शेतकऱ्याने आपल्या गावची दंतकथा म्हणून ती सांगितली, असे हर्न लिहितात. तो मुलूख आजच्या तोक्योच्या पश्चिम भागात येतो, म्हणजे प्रचंड हिमवृष्टीचा तो मुळीच नव्हे. गंमत अशी की, पुढे डोंगराळ भागातील 'मौखिक' म्हणून छापल्या गेलेल्या काही आवृत्त्यांचे मूळ हर्न यांच्याच पुस्तकात असल्याचे जपानी अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. वाणीतून ग्रंथ होतो हे सर्वज्ञात आहे. ग्रंथातून वाणी होते, याकडे लोकसाहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

हर्न यांच्याआधी दोन तरी पायऱ्या आहेत. तोरियामा सेकिएन यांच्या 1776 च्या भुताखेतांच्या चित्रसंग्रहात हिमस्त्री आहे. पण तेथे कथा नाही, केवळ आकृती आणि नाव. दुसरी पायरी अधिक मोलाची. एचिगो प्रांतातील शिओझावा गावचे सुझुकी बोकुशी हे चिजिमी नावाच्या तागाच्या सुरकुतीदार कापडाचे व्यापारी. आपल्या हिममुलखाचे वर्णन राजधानीच्या वाचकांपुढे ठेवावे या ध्यासात त्यांची जवळजवळ 40 वर्षे गेली. नामांकित लेखकांशी पत्रव्यवहार झाला, आशा लागल्या आणि मोडल्या. शेवटी सान्तो क्योझान यांच्या साह्याने 1837 मध्ये 'होकुएत्सु सेप्पु' प्रसिद्ध होऊ लागले. चित्रे बोकुशींच्या कच्च्या रेखाटनांवरून क्योझान यांचे चिरंजीव क्योसुई यांनी काढली. बोकुशींची तक्रार एकच : उबदार प्रांतीच्या लोकांना हिम म्हणजे मद्याचा प्याला आणि कवितेची ओळ, आम्हांला ते छपरावरून उपसावे लागते. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग विसरता येत नाही. तान्हे मूल घेऊन माहेरी निघालेली तरुण जोडी वादळात गोठून मरते, आणि हिमाखाली रडणारे मूल तेवढे जिवंत सापडते. येथे कोणी हिमस्त्री नाही. तिची गरजच पडत नाही.

बोकुशींपुढील अडचण हीच मराठी अनुवादकाची अडचण होय, आणि म्हणूनच हर्नपेक्षा बोकुशी त्याला अधिक जवळचे वाटावयास हवेत. इंग्रजीच्या दारातून येणाऱ्याला मात्र प्रथम भेटतात ते हर्न.

लोककथेतील हिमस्त्री कशी असते हे पाहावयाचे तर यानागिता कुनिओ यांच्या 1910 च्या 'तोनो मोनोगातारी'कडे वळावे. सासाकी किझेन या तोनोच्या तरुणाने सांगितलेल्या 119 लहान नोंदी त्यात आहेत. हिमस्त्रीची नोंद जेमतेम काही ओळींची. पहिल्या महिन्याच्या पंधराव्या रात्री, किंवा हिवाळ्यातील पौर्णिमेला, ती पुष्कळ मुले घेऊन खेळावयास बाहेर पडते. म्हणून टेकडीवर खेळणाऱ्या पोरांना त्या रात्री लवकर घरी बोलावतात. तिला पाहिले असे सांगणारे मात्र थोडेच. नायक नाही, विवाह नाही, शेवट नाही. शताब्दीच्या वर्षी, 2010 मध्ये, शिगेरु मिझुकी यांचे या ग्रंथावरील मांगारूप पुस्तकाकार निघाले. त्यात चित्रकार स्वतःच पात्र होऊन तोनोच्या वाटा तुडवितो. मिझुकींच्या शैलीत माणसे दोन-चार रेषांची असतात, आणि झाडे, छपरे, डोंगर मात्र असंख्य ठिपक्यांनी व रेघांनी भरलेले. जग खरे आणि माणूस तात्पुरता, असा या रेखाटनाचा अर्थ लावता येतो. तोनोच्या नोंदींना हाच अर्थ अनुरूप आहे. काळ्या शाईच्या कलेत हिम काढावयाचे म्हणजे कागद कोरा सोडावयाचा; हर्न यांच्या वाक्यांत जे नेपथ्य होते ते येथे पानाचा पायाच होते.

मिझुकींची (1922–2015) उमेदवारी कामिशिबाईत झाली. सायकलवर लाकडी चौकट लावून, मुलांना गोळ्या विकून, एकामागून एक चित्र दाखवीत गोष्ट सांगण्याचा हा प्रकार 1930 च्या सुमारास बहरास आला. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी ज्याने पाहिली आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. सुटी चित्रे, शेजारी कथेकरी, आणि चित्र बदलण्याच्या क्षणी श्रोत्यांचा रोखलेला श्वास. ठाकर कलावंतांच्या या पोथ्यांत मुख्यतः रामायण-महाभारत. 2021 मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, पण तिकडे कामिशिबाईतून मांगाकडे जशी वाट फुटली तशी इकडे चित्रकथीतून छापील चित्रकथेकडे फुटली नाही. आपल्या चित्रकथेचा प्रारंभ निराळ्याच ठिकाणी, बेंगळूरात, झाला. पुढे 'अमर चित्रकथा' म्हणून गाजलेल्या मालेतील पहिली दहा पुस्तके कन्नडमधील पाश्चात्त्य परीकथा होती, त्यांत हिमगौरीही होती; अनंत पै यांचा 'कृष्ण' अकरावा. त्या हिमगौरीत हिम ही केवळ वर्णाची उपमा आहे. ते वितळले तरी कथेचे काही बिघडत नाही. म्हणूनच ती सहज भाषांतरित झाली.

हिमस्त्रीचे तसे होत नाही. 'युकी' म्हणजे हिम, आणि ते मुलीचे साधे नावही. 'ओ-युकी' तसेच ठेवावे तर सूचना हरवते, 'हिमा' करावे तर गुपित पहिल्याच पानावर फुटते. जपानीत निःशब्द हिमपातासाठी 'शिन्-शिन्' असा अनुकार-शब्द आहे, म्हणजे जो आवाज नाही त्याचा आवाज. मराठीकडे पावसासाठी रिमझिम आहे, रिपरिप आहे. हिमासाठी पावसाकडूनच 'भुरभुर' उसनी आणावी लागते, आणि तिच्यामागे स्वयंपाकघरातील पिठीसाखर हजर होते. तरीही उसनवारी बरी. 'नीरव हिमवर्षाव' लिहिणे म्हणजे बोकुशी ज्या रसिकांवर रुष्ट होते त्यांच्या पंक्तीला जाऊन बसणे.

आणखी एक बाब वरवर पाहता छपाईची वाटते. मांगाची पाने उजवीकडून डावीकडे जातात. परभाषेत नेताना ती आरशातल्यासारखी उलटविण्याची प्रथा इंग्रजी प्रकाशनांत बराच काळ होती. पुढे ती मागे पडली. जिवंत माणूस किमोनोचा डावा पदर उजव्यावर घेतो. उजवा डाव्यावर घेतात तो प्रेताचा. चित्र उलटविले की नावाडी, लाकूडतोडे, टेकडीवरून घरी पळणारी पोरे, सारे गाव मृतांच्या वेषात उभे राहते.