साइडवॉलवरचे आकडे आणि आतले रबर

पोर्शे ९११ जीटी३ या मोटारीच्या ९९१ पिढीसाठी मंजूर झालेल्या टायरांपैकी एक मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप २. मागच्या चाकाच्या टायरवर अशी ओळ असते: ३०५/३० झेडआर २० (१०३वाय) एक्सएल एन१. वेगवान मोटारींच्या टायरवर जे लिहिण्याची प्रथा आहे त्यातले बरेचसे या एका ओळीत आले आहे, म्हणून विवेचनासाठी हेच उदाहरण घेऊ. माझे प्रतिपादन असे की साइडवॉल टायरच्या मर्यादा नेमकेपणाने सांगते, पण पकडीबद्दल ती जवळजवळ गप्प असते. पकड ठरते रबराच्या मिश्रणावरून, आणि मिश्रणाचा स्वभाव छापण्याची सर्वमान्य पद्धत अजून नाही. तरीही ग्राहक साइडवॉलवरचाच एखादा आकडा पकडीचा म्हणून वाचतात आणि तिथे फसतात.

मापांचा भाग सोपा आहे. ३०५ म्हणजे हवा भरलेल्या टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ३० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ३० टक्के, इथे साडेएक्क्याण्णव मिलिमीटर. २० हा रिमचा व्यास इंचांत. आर म्हणजे रेडियल, ज्याच्या सांगाड्यातले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. ही रचना मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट केली. झेड हे अक्षर त्या काळातले आहे, जेव्हा ताशी २४० किलोमीटरच्या पुढचा सगळा प्रांत एकाच अक्षरात कोंबला जाई. आता डब्ल्यू आणि वाय ही अक्षरे आली, तरी झेड मापात टिकून आहे.

कंसातला मजकूर मात्र थांबून वाचायला हवा. १०३ हा भारांक, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ८७५ किलो. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. दोन्ही कंसात असतील तर टायर ३०० च्याही पुढे चालू शकतो, पण त्या वेगाला भार किती हे निर्मात्याला विचारावे लागते. हे दोन आकडे एकाच वेळी पूर्ण लागू होत नाहीत, आणि ही गोष्ट दुकानात क्वचितच कोणी सांगतो. वाय श्रेणीच्या टायरची पूर्ण भारक्षमता ताशी २७० पर्यंतच धरतात. पुढे दर १० किलोमीटरला ती ५ टक्क्यांनी उतरते आणि ३०० ला ८५ टक्के उरते. म्हणजे ८७५ किलोचे सुमारे ७४४ किलो होतात. कारण उष्णतेचे आहे: चाकाच्या प्रत्येक फेरीत टायर दबतो आणि सुटतो, प्रत्येक दबण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन रबरात राहते, आणि वेग वाढला की ती बाहेर पडायला वेळ पुरत नाही. एक्सएल या खुणेचा अर्थही याच हिशेबात येतो. युरोपीय मानकात साध्या टायरचा भारांक २.५ बार दाबाला धरतात, एक्सएलचा २.९ बारला. जादा भार पेलतो तो जादा दाबामुळे. एक्सएल टायर घालून दाब जुनाच ठेवला तर कागदावरची जादा क्षमता हाती येत नाही.

आता एन१. पोर्शेने मंजूर केलेल्या टायरवर एन हे अक्षर असते. एन० ही पहिली मंजूर आवृत्ती, आणि रचना किंवा मिश्रण बदलून पुन्हा मंजुरी मिळाली की आकडा वाढतो. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ, फेरारीसाठी के अशा खुणा आहेत. मिश्रणाच्या सर्वांत जवळ जाणारी साइडवॉलवरची खूण हीच, कारण त्याच नावाचा, त्याच मापाचा पण खूण नसलेला टायर आतून वेगळा असू शकतो. पण ती सांगते ते एवढेच की हे मिश्रण या गाडीवर तपासले गेले. मिश्रण कसे आहे, हे ती सांगत नाही. म्हणून एन१ शेजारी खूण नसलेला टायर एकाच आसावर बसवू नये.

मिश्रण समजून घ्यायचे तर रबराच्या घर्षणापासून सुरुवात करावी लागते. शाळेत शिकलेला नियम असा की घर्षणगुणांक भारावर अवलंबून नसतो. रबर तो नियम पाळत नाही: दाब वाढला की त्याचा गुणांक घटतो, म्हणून तोच भार रुंद टायरवर पसरवण्यात लाभ आहे. रबराच्या पकडीचे उगम दोन. एक, रस्त्याच्या पृष्ठाशी रेणूंच्या पातळीवरचे चिकटणे. दुसरा, रस्त्यावरच्या खडीच्या टोकांवरून जाताना रबराचे दबणे आणि उशिरा मूळ आकारात येणे. त्या उशिरात ऊर्जा खर्च होते, आणि तीच पकड म्हणून हाती येते. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पडदा चिकटण्याला अडवतो, तेव्हा भिस्त मुख्यतः या दुसऱ्या उगमावर असते. रबराच्या घर्षणाचे अभ्यासक ग्रोश यांनी १९६३ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या वेगांना आणि तापमानांना मोजलेले रबराचे घर्षण एकाच वक्ररेषेवर आणून बसवता येते. थोडक्यात, रबराला फार जलद दाबणे आणि फार थंड करणे यांचा परिणाम सारखाच.

या एका निष्कर्षातून मिश्रणशास्त्राची मुख्य अडचण उलगडते. आपला ३०५ चा टायर ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या करतो, म्हणजे संपूर्ण टायर सेकंदाला तेराच वेळा दबतो. इथली ऊर्जाहानी नको असते, कारण ती इंधन खाते आणि टायर तापवते. त्याच वेळी ब्रेक लागला की खडीच्या बारीक टोकांवरून सरकणारे रबर सेकंदाला हजारो ते लाखो वेळा दबते. इथली ऊर्जाहानी मात्र हवीच असते, पकड तिच्यातूनच येते. म्हणून प्रयोगशाळेत एकाच रबराची ऊर्जाहानी शून्य अंश सेल्सिअसला मोजून ओल्या पकडीचा अंदाज बांधतात आणि ६० अंशाला मोजून रोलिंगमधल्या हानीचा. शून्याला भरपूर, साठला कमी, असे रबर हवे.

पूर्वीच्या मिश्रणांत रबराला बळ देण्याचे काम कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिसूक्ष्म काजळी, करी. तिच्यात एक हानी वाढवली की दुसरीही वाढे. १९९० च्या दशकाच्या आरंभी मिशेलिनने प्रवासी मोटारींच्या टायरमध्ये सिलिका मोठ्या प्रमाणात आणली आणि ही जोडी सुटी झाली. सिलिका आणि रबर स्वभावतः एकमेकांना धरत नाहीत. सिलेन हे संयुग एका टोकाने सिलिकाला आणि दुसऱ्या टोकाने रबराला बांधते. ही बांधणी मिश्रण मळतानाच घडवावी लागते, साधारण १४० ते १६० अंशांच्या अरुंद पट्ट्यात: कमी तापले तर बांधणी अर्धवट राहते, जास्त तापले तर सिलेनमधले गंधक रबराला वेळेआधीच पक्के करू लागते. टायर कारखान्याचे कसब मला इथे सर्वांत जास्त दिसते, आणि साइडवॉलवर त्याची एकही खूण नसते.

दुसरी निवड रबराच्या जातीची. प्रत्येक रबर एका तापमानाखाली काचेसारखे कडक होते. ब्युटाडाइन रबरासाठी ते उणे १०० अंशांच्या आसपास असते, नैसर्गिक रबरासाठी उणे ६५ च्या सुमारास, आणि स्टायरिन-ब्युटाडाइन रबरात ते घटकांच्या प्रमाणाने हवे तिथे, उणे वीस अंशांपर्यंतही, वर आणता येते. तापमान वर आणले की पकड वाढते, झीज वाढते आणि थंडीत टायर निकामी होतो. कप २ सारखे ट्रॅककडे झुकणारे टायर या टोकाला बनवलेले असतात. म्हणून ते गरम झाल्यावरच खुलतात, आणि गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली तापमान गेले तर वापरताना त्यांना तडेही जाऊ शकतात. जर्मनीत किंवा अमेरिकेच्या उत्तरेत राहणाऱ्या मराठी गाडीशौकिनांनी हे गंभीरपणे घ्यावे. महाराष्ट्रात ही भीती नाही.

आता ज्या आकड्याने सर्वाधिक गैरसमज होतो तो पाहू. अमेरिकी नियमानुसार टायरवर ट्रेडवेअरचा आकडा, ट्रॅक्शनचे अक्षर आणि टेंपरेचरचे अक्षर असते. ट्रेडवेअरसाठी टेक्सासमधल्या सॅन अँजेलो भागातल्या ठरलेल्या मार्गावर सुमारे ११,५०० किलोमीटर टायर चालवतात आणि झीज एका प्रमाण टायरशी ताडतात. १०० म्हणजे प्रमाणाइतकी, २०० म्हणजे दुप्पट टिकाऊ. चाचणी कंपनीच करवते आणि आकडाही कंपनीच लिहिते. निष्कर्षापेक्षा मोठा आकडा लिहिता येत नाही, लहान लिहायला आडकाठी नाही. अमेरिकेतल्या हौशी शर्यतींच्या अनेक वर्गांत २०० ही किमान मर्यादा आहे. साहजिकच ब्रिजस्टोनच्या आरई-७१आरवर २०० आहे आणि योकोहामाच्या ए०५२ वरही २०० आहे. तो आकडा मिश्रणापेक्षा नियमपुस्तकाबद्दल अधिक सांगतो. ट्रॅक्शनचे एए हे अक्षरही जपून वाचावे: ती चाचणी ओल्या रस्त्यावर, सरळ रेषेत, चाक पूर्ण जाम करून होते. वळणावरची किंवा कोरड्यातली पकड तिथे तपासलीच जात नाही.

फॉर्म्युला वनमध्ये तर मिश्रण साइडवॉलवर रंगाने दाखवतात, आणि तरी प्रश्न सुटत नाही. २०१९ पासून पांढरा, पिवळा आणि लाल एवढेच कोरड्या ट्रॅकचे रंग आहेत. पांढरा म्हणजे त्या शर्यतीसाठी आणलेल्या तिघांतला सर्वांत कडक. एका ट्रॅकवर तो सी१ नावाच्या मिश्रणाचा असेल, दुसऱ्यावर सी३ नावाच्या.

उरते वय. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष दाखवतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मऊ मिश्रणांच्या बाबतीत मी हा आकडा सर्वांत आधी बघतो. रबरातले ऑक्सिडेशन तापमानाबरोबर वेग घेते, गंधकाचे बंध वाढत जातात, ओझोनपासून राखणारी द्रव्ये संपतात, आणि नक्षी शाबूत असूनही रबर कडक होते. नागपूर-अकोल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात काढलेले दोन उन्हाळे टायरला फार महागात पडतात. जून २०२० पासून भारतात नव्या टायरांची आयात परवान्याखाली आली, त्यामुळे अशा खास मापांचा टायर मिळाला की लोक तारीख न बघता घेतात. चार आकड्यांची ही तारीख पुष्कळदा एकाच बाजूला असते, आणि टायर बसवल्यावर ती आत गेली तर गाडी उचलल्याशिवाय दिसत नाही. रिमवर चढवण्याआधी चारही टायर उलटून ती वाचून घ्यावी.