लातुरातलं पांढरं अस्वल

नांदेडच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षं चित्रकला शिकवली. एवढ्या काळात फुलदाणी, छत्री आणि पानांसकट आंबा यांच्या पलीकडे मी पाऊल टाकलं नाही. त्यामुळे २०१६ च्या एप्रिलात लातूरहून भाचीचा फोन आला, "मामा, आठ दिवस या. बालवाडीच्या पोरांना उत्तर ध्रुवावरचे प्राणी रंगवायला शिकवायचेत," तेव्हा ऊन बाधलंय हे मी ओळखलं. तिला की मला, एवढंच ठरायचं राहिलं.

"उन्हाळी छंदवर्ग आहे हो! तेवढंच पोरांना गार वाटेल," ती म्हणाली.

एस.टी.त बसल्यावर माझी विद्वत्ता जागी झाली. लातूर आणि उत्तर ध्रुव यांचा संबंध काही आजचा नाही. लोकमान्य टिळकांनी १८९१ च्या सुमारास लातूरला, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखात, भागीदारीत जिनिंगचा कारखाना घातला होता. आणि याच टिळकांनी १९०३ साली इंग्रजीत जाडजूड ग्रंथ छापून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडलं. वेदांतली दिवसच्या दिवस लांबणारी पहाट आणि सहा महिन्यांची रात्र हा त्यांचा पुरावा. विद्वानांनी पुढे तो सिद्धांत मानला नाही, ते सोडा. पण ज्यानं लातूरच्या उन्हात कापसाचा धंदा केला, त्याला पूर्वजांचं घर बर्फात असावंसं वाटलं, यात मला तरी काही नवल दिसत नाही.

वर्गात वीसेक पोरं, आणि भिंतीवर बाजारातून आणलेला तक्ता. त्यात अस्वल आणि पेंग्विन एकाच बर्फावर शेजारी-शेजारी उभे. पेंग्विन दक्षिणेकडचा, या दोघांची जन्मात गाठ पडत नाही, हे मी सांगायला गेलो. पोरांनी ऐकून घेतलं आणि पेंग्विनच काढायला बसली.

खरी अडचण पुढेच होती. मी रंगाच्या वड्या वाटल्या, ब्रश वाटले आणि सवयीनं म्हणालो, "आता पाणी घ्या." भाचीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी जणू तूप मागितलं. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. चित्रकलेला पाणी लागतं, ही गोष्ट तेहतीस वर्षांत माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. नांदेडला आपली गोदावरी होती ना! शेवटी वीस पोरांत मिळून एक पेला पाणी आलं. पहिल्या पाच मिनिटांत ते चहासारखं झालं आणि मग अस्वल काय, कोल्हा काय, सील काय, सगळे प्राणी एका रंगाचे, तेरणेच्या गाळाचे निघाले. एका पोरानं कागद कोराच दिला. म्हणे, अस्वल बर्फात बसलंय, म्हणून दिसत नाही. त्याला मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

रात्री मला ताराबाई मोडक आठवल्या. गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाई पुढे १९४५ साली अनुताई वाघांना घेऊन बोर्डीला, आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेल्या. माँटेसरीबाईंची महागडी साधनं तिथं कुठली परवडायला? या दोघींनी शिंपले, बिया, पानं, खडे असं जे आजूबाजूला पडलं होतं त्यावर मुलांना शिकवलं. म्हटलं, मग आपल्याकडे काय पडलंय?

भाचीच्या माळ्यावर पाट्या पडल्या होत्या. दगडी, काळ्याभोर. दुसऱ्या दिवशी पाटीवर पांढरा खडू आडवा धरून घासला आणि काय सांगू, पांढरं अस्वल पहिल्यांदा पांढरं दिसलं! गंमत म्हणजे खऱ्या अस्वलाचंही तसंच असतं. त्याची कातडी काळी, केसांना स्वतःचा रंग नाहीच; वरून ते पांढरं दिसतं एवढंच. हा शोध मी पोरांना मोठ्या ऐटीत सांगितला. पाटी पुसायला पाणी लागतं खरं, पण त्या कामी फ्रॉकचे सोगे, बाह्या आणि थुंकी यांची टंचाई नव्हती.

कोपऱ्यातली एक चिमुरडी मात्र अस्वल सोडून खालचा बर्फच घासत बसली होती. मी जवळ गेलो.

"आजोबा, बर्फ म्हंजे पाणीच असतंय ना?"

"हो बाळ."

"येवढं सगळं?"

"हो, सगळं पाणीच."

"मग ह्याला नंबर लावावा लागत नसंल."

मी म्हणालो, "नाही."

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. अख्खं गाव त्या गाडीबद्दल बोलत होतं. त्या दिवशी वर्गात रेनडिअर घ्यायचं ठरलं होतं, पण पोरांनी एकजात आगगाड्या काढल्या आणि मीही शिंगांचा आग्रह धरला नाही. चिमुरडीनं मात्र पाटी पुसलीच नव्हती. रात्री तशीच घरी नेली होती, सकाळी तशीच आणली होती. अस्वलाच्या मागच्या पायाशी तिनं उरलेल्या जागेत एक डबा काढला होता, चाकांसकट.

"पूस आता, नवीन काढू," मी म्हणालो.

तिनं पाटी पोटाशी धरली. भाचीनं माळ्यावरून दुसरी काढून दिली.