वीस हजार म्हणजे नेमके किती?

"दोन हजारांच्या आत एखादी पॉवर बँक सांग. मोबाईल तर चालला पाहिजेच, लॅपटॉपही चालला पाहिजे. आणि कपॅसिटी जास्तीत जास्त."

आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाला नातेवाईकांकडून जे प्रश्न येतात त्यात हा सध्या बराच वर आहे. (पहिला नंबर अजूनही 'आमचं वाय-फाय स्लो का चालतं' याचाच. :) ) सोलापूरकडच्या मंडळींकडून हा प्रश्न येतो तेव्हा तो नुसत्या हौसेचा नसतो. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला इंटरव्ह्यूला जाणारा मुलगा, वळवाच्या पावसात वीज गेली तरी असाइनमेंट सबमिट करायची असलेली मुलगी... त्यांच्यासाठी दोन हजार ही चांगली मोठी रक्कम आहे. ती फुकट गेली तर दुसरी पॉवर बँक लगेच येणार नसते.

आणि नेमकं इथेच एक गंमत आहे. नव्या पेठेतल्या दुकानात जा नाहीतर ऑनलाइन बघा, प्रत्येक डब्यावर एकच आकडा मोठ्ठा छापलेला दिसतो. १०,०००, २०,०००, ३०,००० एमएएच. आपण त्या आकड्याला किमतीने भागतो आणि 'सगळ्यात स्वस्त पडणारी' उचलतो. पण हा आकडा अर्धाच आहे. अर्धा का राहिला, याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा लेख त्याच्यावर.

आधी मणाची गोष्ट. इंग्रजांच्या काळात मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांच्या वर. म्हणजे 'दहा मण' असं नुसतं सांगून काहीच कळायचं नाही, 'कुठला मण?' हे विचारावंच लागायचं. ज्याचा धंदा होता त्याला सगळे मण तोंडपाठ. नडायचा तो अधूनमधून बाजारात येणारा माणूस. स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा केला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं वापरात यायला सुरुवात झाली आणि हा घोळ हळूहळू मिटला. आज किलो म्हटलं की सोलापूर असो नाहीतर कोलकाता, किलोच.

आता वीज साठवण्याच्या धंद्याकडे येऊ.

गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसं आणि आम्ल वापरून पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी बनवली. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, जीआयपी रेल्वे सोलापूरला पोचली. त्या काळी रेल्वेबरोबर तारयंत्र यायचं आणि तारयंत्राला वीज मिळायची ती आम्लाने भरलेल्या बरण्यांमधून. म्हणजे आपल्याकडे डायनॅमोची वीज यायच्या कितीतरी आधी साठवलेली वीज आली होती! घरात दिवा नव्हता, पण स्टेशनवर बॅटरी होती.

प्लांतेच्या बॅटरीत वीज फार मावत नसे. कामिल फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने १८८१ मध्ये शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप चढवून ती अडचण सोडवली. मग झाला एक भन्नाट प्रयोग. फोरच्या चार्ज केलेल्या बॅटऱ्या साधारण एक घनफूट पेटीत घालून पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम थॉमसन यांच्याकडे पाठवण्यात आल्या. (हेच पुढे लॉर्ड केल्विन झाले. तापमानाचं एकक ज्यांच्या नावाने आहे ते.) रेल्वे आणि बोटीने ७२ तासांचा प्रवास करून पेटी पोचली तेव्हा आतली वीज शाबूत होती. जगातली पहिली गाजलेली पॉवर बँक म्हणायला हरकत नाही. वजन फक्त ३४ किलोच्या आसपास. :)

पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. त्या पेटीत किती वीज आहे हे थॉमसन यांनी जगाला कसं सांगितलं? जवळजवळ दहा लाख फूट-पौंड! म्हणजे दहा लाख पौंड वजन एक फूट उचलता येईल इतकी ऊर्जा. आजच्या मापात साधारण ३७७ वॅट-अवर. या पेटीतून किती काम निघेल याचं सरळ उत्तर त्यांनी दिलं होतं.

मग गाडी कुठे घसरली?

त्याच वर्षी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत व्होल्ट, अँपिअर ही एककं ठरली. बॅटरी बनवणाऱ्यांना अँपिअर-अवर हे माप सोयीचं पडलं. एक अँपिअरचा प्रवाह किती तास मिळेल, त्याचा हिशोब. यात लबाडी काही नव्हती. शिशाच्या सेलचं व्होल्टेज ठरलेलंच, साधारण २ व्होल्ट. सगळ्यांचा मण एकच असेल तर 'कुठला मण' हे कोण विचारणार?

लबाडी दुसरीकडून आली. फोरच्या बॅटरीवर कंपन्या निघाल्या, शेअर विकले गेले, आश्वासनांचा पाऊस पडला. एडिसनने १८८३ च्या एका मुलाखतीत साठवणुकीची बॅटरी म्हणजे लोकांना लुबाडायचं साधन आहे असं सांगून टाकलं. वर हेही म्हणाला की माणूस या धंद्यात पडला की त्याच्यातली खोटं बोलण्याची सुप्त शक्ती जागी होते. (पुढे साहेबांनी स्वतःच बॅटरीचा कारखाना काढला ही गोष्ट वेगळी.) ऑनलाइन विकली जाणारी '५०,००० एमएएच, फक्त ५९९' वाली खिशात मावणारी पॉवर बँक बघितली की मला एडिसनची फार आठवण येते.

अँपिअर-अवर आपल्या घरात शिरला तो लोडशेडिंगच्या काळात. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, २००५ मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि पुढची काही वर्षं महाराष्ट्राने जे भोगलं ते वेगळं सांगायला नको. सोलापुरात वीज गेली की यंत्रमाग थांबायचे, आणि माग थांबला की मजुरी थांबायची. माग काही बॅटरीवर चालत नाही. पण ज्यांना परवडलं त्यांच्या घरी पंखा आणि ट्यूबलाइटसाठी इन्व्हर्टर आला. त्याच्या बॅटरीवर लिहिलेलं असायचं १५० एएच. दुकानदार, वायरमन, डिस्टिल्ड वॉटर घालणारे काका, सगळ्यांना ठाऊक होतं की ही १२ व्होल्टची आहे. म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॅट-अवर. न बोलता समजून घेतलेला मण!

पुढे ग्रिडचं चित्र बदललं आणि त्यात सोलापूरचं नाव आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका तालात जोडलं गेलं. अख्खा देश विजेने एक झाला तो सोलापूरच्या टोकाला! नंतर इथे एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्पही उभा राहिला.

दरम्यान बॅटरीच खिशात आली होती. अकिरा योशिनो आणि इतरांच्या संशोधनावर सोनीने १९९१ मध्ये पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. (या संशोधनाला २०१९ चं नोबेल मिळालं.) मोबाईलमध्ये असा एकच सेल असायचा, साधारण ३.७ व्होल्टचा. सगळ्यांचा व्होल्ट पुन्हा एकच, त्यामुळे नुसते मिलिअँपिअर-अवर, म्हणजे एमएएच, छापले की काम भागायचं. नोकियाची बीएल-५सी आठवते? २००७ मध्ये अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या गरम होऊ शकतात म्हणून कंपनीने बदलून द्यायचं जाहीर केलं, तेव्हा लोक बॅटरी काढून मागचा नंबर तपासत बसले होते. खोक्यातल्या रसायनाबद्दल आपण इतके सावध क्वचितच झालो असू.

मग स्मार्टफोन आले, चार्जिंग दिवसभरही पुरेना, आणि पॉवर बँक आली. शाओमीने २०१३ च्या अखेरीस चीनमध्ये १०,४०० एमएएचची पॉवर बँक ६९ युआनला काढली आणि बाजार स्वस्ताईकडे धावला. आकडा मात्र मोबाईलच्या सवयीचाच राहिला.

आणि इथे मण बदलला. आतला सेल ३.७ व्होल्टचा, यूएसबीतून वीज निघते ५ व्होल्टने, आणि लॅपटॉपला लागतात बहुधा २० व्होल्ट. तीन गावं, तीन मण! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एककांच्या घोळाने नासाचं मंगळयान १९९९ मध्ये गेलं ही गोष्ट माहीत असते, आणि तरीही पॉवर बँक घेताना आम्हीही २०,००० बघतोच.

हिशोब करून बघा. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर. गुणिले ३.७ व्होल्ट, बरोबर ७४ वॅट-अवर. व्होल्टेज वाढवताना १०-१५ टक्के उष्णतेत जातात, हाती येतात साधारण ६३ ते ६६. पाच व्होल्टच्या भाषेत हे १३,००० एमएएचच्या आसपास, आणि डब्यावर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हाच आकडा असतो. ५० वॅट-अवरच्या बॅटरीचा लॅपटॉप त्यातून एकदा भरेल, दोनदा नाही. पाच हजारवाला फोन साधारण तीनदा, चारदा नाही.

थॉमसनसाहेबांच्या पेटीइतकी ऊर्जा हवी असेल तर अशा पाच पॉवर बँका लागतील. पण त्यांचं वजन भरेल दोनेक किलो. चौतीस किलोंवरून दोन किलोंवर, ही प्रगती खरी. माप सांगायच्या बाबतीत मात्र आपण १८८१ च्या मागे गेलो आहोत.

तर दोन हजारांतच घ्यायची असेल तर एवढं बघा:

१. डब्यावर किंवा पाठीमागे वॅट-अवर शोधा. दोन डब्यांची तुलना त्यावरच करा. विमानाच्या नियमांतही हाच आकडा चालतो: १०० वॅट-अवरपर्यंत, तीही फक्त हँडबॅगेत. त्यामुळे 'लॅपटॉपची कपॅसिटी जास्तीत जास्त' याची मर्यादा सुमारे २७,००० एमएएचला येऊन थांबते.

२. वजन करा. चांगला लिथियम सेलही किलोमागे २५० वॅट-अवरच्या आसपासच देतो. म्हणजे ७४ वॅट-अवरला नुसते सेलच ३०० ग्रॅम झाले. २०,००० लिहिलेली पॉवर बँक अडीचशे ग्रॅमची असेल तर आकडा खोटा. उलटं मात्र खरं नाही, जड आहे म्हणून चांगली असं समजू नका. आत वाळू भरलेल्या नळ्या निघाल्याची उदाहरणं आहेत!

३. लॅपटॉपसाठी कपॅसिटीइतकाच वेग महत्त्वाचा. यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरी किती वॅटची आहे ते बघा. २२.५ वॅटवाली फोन पटकन भरेल, पण ६५ वॅटचा चार्जर लागणारा लॅपटॉप तिला दाद देणार नाही किंवा रांगत चार्ज होईल. केबलही बघा, ६० वॅटच्या वर ५ अँपिअरची लागते.

४. बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नंबर बघा आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासा. पॉवर बँकेला ही नोंदणी सक्तीची आहे. पण लक्षात घ्या, हा शिक्का सुरक्षिततेचा आहे, कपॅसिटीचा नाही.

५. घरी आणली की परत करायची मुदत संपायच्या आत एकदा पूर्ण भरून फोन किती वेळा भरतो ते मोजा. आणि सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. ४५ अंशांच्या वर लिथियम चार्ज करायचा नसतो.

दोन हजारांत ७४ वॅट-अवर मिळतात. ६५ वॅटचा वेगही हवा असेल तर बहुधा थोडे जास्त मोजावे लागतील किंवा १०,००० वर समाधान मानावं लागेल. विचारणाऱ्याला मी आता हेच सांगतो: लॅपटॉप रोज चालवायचा असेल तर कपॅसिटी कमी करून वॅट वाढव. कधीतरीच लागणार असेल तर फोनपुरती घे आणि लॅपटॉपचा चार्जर सोबत ठेव.

राहता राहिला तो डबा. ज्याच्याकडे पैसे आहेत तो महागडा ब्रँड घेऊन मोकळा होतो, त्याला आकडा वाचायची गरजच पडत नाही. अर्ध्या मापाचा फटका बसतो तो पै-पै जोडून 'जास्तीत जास्त एमएएच' शोधणाऱ्याला. मणाचं तसंच होतं. १९५८ पासून आपण किलोवर आलो, तसं विजेच्या डब्यावरही एक दिवस मोठ्या अक्षरात वॅट-अवर येईल अशी आशा आहे. तोपर्यंत गुणाकार आपला आपण करायचा. असो, आज बराच लांबला लेख. दुकानात जाण्याआधी कॅल्क्युलेटर उघडा म्हणजे झालं. :)