सतरा, वीस, सतरा : बाखच्या गायकवृंदाचा हिशेब

२३ ऑगस्ट १७३० रोजी योहान सेबास्टियन बाखने लाइपझिगच्या नगरमंडळाला एक टिपण सादर केले. चर्चमधले संगीत नीट चालवायचे तर काय काय लागते, याचा तो मसुदा होता. बाखचे अभ्यासक आधी त्याच्या रचनांकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा या टिपणाशी येऊन थांबतो. बरोक काळातले उपासनासंगीत प्रत्यक्षात कुणाच्या गळ्यातून उमटत होते, हे त्यातल्या आकड्यांइतके स्पष्टपणे मला दुसरीकडे कुठे सापडले नाही.

बाख १७२३ मध्ये लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत ‘कांटोर’ म्हणून रुजू झाला. कांटोर म्हणजे शाळेतला संगीतशिक्षक, आणि त्याच पदामुळे शहरातल्या चर्चच्या संगीताचाही प्रमुख. शाळेच्या वसतिगृहातली मुले बरीचशी गरिबाघरची. त्यांना निवारा, अन्न आणि विद्या मिळे. बदल्यात त्यांनी गायचे. रविवारच्या उपासनेत, लग्नात, प्रेतयात्रेत, इतकेच काय, पैसे गोळा करण्यासाठी रस्त्यावरही. चर्चच्या वृंदात स्त्रियांना स्थान नव्हते. त्यामुळे सोप्रानो आणि आल्टो हे वरचे दोन आवाजही मुलांनीच सांभाळायचे. पहिल्या काही वर्षांत बाख जवळजवळ दर आठवड्याला नवा कँटाटा लिहीत होता. त्यांतले दोनशेच्या आसपास आज उपलब्ध आहेत.

आता हिशेब पाहू. चर्च चार, म्हणून वृंद चार. सेंट थॉमस, सेंट निकोलस आणि न्यू चर्च या तिघांना संगीत जाणणारी मुले हवीत. सेंट पीटरला उरलीसुरली, कशीबशी प्रार्थनागीते म्हणू शकणारी. प्रत्येक वृंदात किमान बारा गायक असावेत, सोळा असले तर उत्तम, असे बाख म्हणतो. कारणही व्यवहारी आहे : एखाददुसरा आजारी पडला तरी दुहेरी वृंदाची रचना गाता आली पाहिजे. म्हणजे तीन चर्चसाठी किमान छत्तीस गाणारे हवेत. मग तो हाती असलेल्या मुलांची नावे घेऊन वर्गवारी करतो. उपयोगाची सतरा, अजून तयार न झालेली वीस आणि संगीताला अगदी निरुपयोगी सतरा.

गळती इथेच थांबत नाही. वादक किमान अठरा हवेत. नगरमंडळाच्या पगारावर आठ, तेही एक उमेदवार धरून. पूर्वी विद्यापीठातले विद्यार्थी चार पैशांच्या आशेने साथीला येत. ते मानधन आटले, तशी माणसेही आटली. मग व्हायोला, चेलो यांसारखी वाद्ये वाजवायला शाळेतलीच मुले बसवावी लागत. त्यात वाजवणारा पोरगा गाण्यातून वजा. शेजारच्या ड्रेस्डेनमध्ये राजाश्रयाच्या वादकांना पगार मिळतो, एकेकाला एकच वाद्य सांभाळायचे असते, याची आठवणही बाख नगरमंडळाला करून देतो.

हे सगळे वाचताना आपली सहानुभूती सहज बाखकडे झुकते. आदल्याच वर्षी त्याने प्रवेशेच्छू मुलांची परीक्षा घेऊन यादी दिली होती. त्याने नापसंत केलेल्यांपैकी काहींना तरीही प्रवेश मिळाला. पण त्या ‘निरुपयोगी’ सतरा मुलांच्या बाजूनेही पाहायला हवे. ती शाळा गरिबांना आधार देणारी संस्थाही होती. ज्याला सूर सापडत नाही, त्याला भूक लागत नाही असे थोडेच आहे? धर्मदाय आणि कलेची गुणवत्ता, दोन्हींचा भार एकाच संस्थेवर टाकला की कुणावर तरी अन्याय होणारच. त्या टिपणातला खरा पेच मला हा वाटतो.

खुद्द बाखचे पोटही त्याच व्यवस्थेवर होते. दोन महिन्यांनी जुना मित्र एर्डमान याला लिहिलेल्या पत्रात तो मिळकत सुमारे ७०० थालर असल्याचे सांगतो. प्रेतयात्रा वाढल्या की ती वाढते; पण १७२९ मध्ये हवा निरोगी राहिल्याने शंभराहून अधिक थालरचे नुकसान झाले!

पुढे चित्र पालटले. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या मेंडेलसोनने बर्लिनमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ काटछाट करून सादर केले, तेव्हा गायनवृंदात दीडशेहून अधिक स्त्रीपुरुष होते. बाख म्हणजे शेकडो कंठांचा गजर, ही कल्पना अशा प्रयोगांतून रुजली. १९८१ मध्ये जोशुआ रिफकिनने तिला धक्का दिला. बाखच्या बहुतेक समूहरचना प्रत्येक आवाजाला एकच गायक धरून गायल्या जात, असे त्याचे प्रतिपादन. जपून राहिलेल्या हस्तलिखितांत बहुधा प्रत्येक आवाजाची एकच प्रत मिळते, हा त्याचा मोठा आधार. विरोधक म्हणतात, एका प्रतीवर दोघे-तिघे वाचू शकतात. शिवाय बारा गायक तर बाखनेच मागितले आहेत. त्यावर रिफकिनचा पक्ष असा की बारा ही पटावरची संख्या, एका वेळी तोंड उघडणाऱ्यांची नव्हे.

मला रिफकिनची बाजू अधिक पटते. मुले आजारी पडतील ही बाखची धास्ती पटाचीच भाषा बोलते. पण निकाल कोणताही लागो, आकडा दीडशेच्या जवळपासही जात नाही. ज्या संगीताला आपण आज भव्य म्हणतो, ते मोजक्या, थंडीत काकडणाऱ्या, आवाज केव्हा फुटेल याचा भरवसा नसलेल्या मुलांनी आधी पेलले. त्या सतरांची नावे टिपणात आहेत. उरलेल्या सदतीस जणांचीही आहेत.