देवावर प्रेम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? ख्रिस्ती धर्म काय सांगतो?

रविवारी चर्च, जेवणाआधी प्रार्थना, संध्याकाळी घरात जपमाळ. ख्रिस्ती माणसाची देवभक्ती बाहेरून पाहणाऱ्याला साधारण एवढीच दिसते. पण घरच्यांशी, शेजाऱ्यांशी, न पटणाऱ्या माणसाशी तो कसा वागतो, हादेखील देवावरच्या प्रेमाचाच भाग आहे, असं बायबल सांगतं.

सगळ्यात मोठी आज्ञा कोणती?

हा प्रश्न एका शास्त्र्याने येशूला विचारला होता. मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय 12) हा प्रसंग आहे. देवावर संपूर्ण मनाने, जिवाने, बुद्धीने आणि शक्तीने प्रेम कर, ही पहिली आज्ञा, असं उत्तर येशूने दिलं. विचारलेली नसतानाही दुसरी आज्ञा लगेच जोडली: स्वतःवर करतोस तसंच शेजाऱ्यावर प्रेम कर.

या दोन्ही आज्ञा नव्या नव्हत्या. पहिली जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात आहे, दुसरी 'लेवीय'मध्ये. येशूने त्या एकमेकींना बांधून टाकल्या.

प्रेम करण्याची आज्ञा देता येते का?

मनात माया दाटून यावी, असा हुकूम कुणालाच सोडता येत नाही. पण इथे प्रेम म्हणजे फक्त भावना नाही. समोरच्याचं भलं व्हावं म्हणून ठरवून केलेली कृतीही त्यात येते.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक, अध्याय 10) हेच सांगते. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेल्या अवस्थेत टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी पुढे निघून जातात. यहुद्यांना परका वाटणारा शोमरोनी मात्र थांबतो. जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही देतो. त्याला काय वाटलं, हे गोष्ट एका शब्दात सांगते. त्याने काय केलं, ते मात्र तपशिलात सांगते.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय?

- आधी समेट, मग अर्पण: वेदीपाशी अर्पण आणलंय आणि कुणाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं येशू सांगतो (मत्तय, अध्याय 5).
- देवाचं नाव पुढे करून कर्तव्य टाळायचं नाही: हे देवाला वाहिलंय, असं सांगून आईवडिलांना मदत नाकारणाऱ्यांवर येशूने कडक टीका केली (मार्क, अध्याय 7).
- शत्रूसाठीही प्रार्थना: यात अन्याय योग्य ठरवायचा नसतो. सूडाची इच्छा सोडायची असते.

केडगावचं उदाहरण

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना आणून पुण्याजवळच्या केडगावात आसरा दिला. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये निवारा, शिक्षण आणि कामाचं प्रशिक्षण मिळत होतं. तिथेच रमाबाई हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. 1922 मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर हे काम सुरू होतं. उपासना आणि सेवा अशी वेगवेगळी खाती तिथे नव्हती.

प्रार्थनेत काहीच जाणवत नसेल तर?

अनेक श्रद्धावंतांना हा प्रश्न छळतो. मदर तेरेसा यांची खासगी पत्रं 2007 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर 10 वर्षांनी प्रसिद्ध झाली. त्यातून कळलं की त्यांना अनेक वर्षं देवाचं अस्तित्व जाणवत नव्हतं आणि त्याचं त्यांना फार दुःख होतं. तरी त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि कोलकात्यातलं कामही सोडलं नाही. ख्रिस्ती परंपरेत अशा कोरड्या काळाला श्रद्धा संपल्याची खूण मानत नाहीत.

मग चांगलं वागून स्वर्ग कमावता येतो का?

नाही. देवाने आधी प्रेम केलं, माणसाचं प्रेम हे त्याला दिलेलं उत्तर आहे, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. श्रद्धा आणि सत्कर्मं यांचं नातं काय, यावर 16 व्या शतकापासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात मोठा वाद होता. 1999 मध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यानुसार तारण देवाच्या कृपेनेच मिळतं आणि सत्कर्मं ही त्या कृपेची फळं असतात.